एका गंजातलं कोंबडीचं सूप

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात गोठणगाव आणि प्रतापगड ही गावं आहेत. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे प्रतापगड पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत सगळ्यांना ठाऊक. त्याच्या शेजारी नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, हे मात्र पुण्या-मुंबईच्या वाचकाला मुद्दाम सांगावं लागतं. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी कुटुंबं आली. आधी हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर मजुरी, मग बैलकुप्पे, मुंडगोड, मैनपाट अशा ठिकाणी सरकारने दिलेल्या जमिनीवर शेती. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली नोर्ग्येलिंग वसली १९७२ साली. तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ रोजी झाला. त्यामुळे या वसाहतीच्या नावापुढे ‘भंडारा’ लावलेलं अजूनही दिसतं.

याक मागे राहिले, जवाची शेतं मागे राहिली. समोर आली धानाची बांधी आणि पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा. पण माणूस गाव सोडतो तेव्हा चूल सोबत नेतो. तिबेटी घरांत थुकपा राहिला, मोमो राहिले, आणि या लेखाच्या कामाचं म्हणजे थेन्थुक राहिलं. मांसाचा, हाडांचा पातळ रस्सा उकळत ठेवायचा, मळून मुरवलेल्या कणकेची पट्टी हातावर घ्यायची आणि अंगठ्याने दाबून चपटा केलेला एकेक तुकडा तोडून थेट रश्शात टाकायचा. मुळा, पालक, लसूण, आलं असतंच. दहा मिनिटांत जेवण तयार. भाकरी नको, पोळी नको, दुसरं भांडं नको.

मूळच्या थेन्थुकमध्ये कोंबडी फारशी नसे. तिबेटात याकचं किंवा मेंढीचं मांस. त्यामागे हवामान होतं, तशी श्रद्धाही होती. जीव घ्यायचाच असेल तर एका मोठ्या जनावराच्या जिवात कितीतरी लोकांची पोटं भरतात, कोंबडी मारली तर एका जिवात एकाच घराचं एकच जेवण होतं. हा हिशेब आपल्याला उलटा वाटतो खरा, पण बौद्ध मनाला तो सरळ आहे. भारतात आल्यावर, जिथे कोंबडी हेच सगळ्यांत सहज मिळणारं मांस आहे तिथे, थेन्थुकही कोंबडीचं होऊ लागलं.

रश्शातच पीठ शिजवण्याची ही युक्ती तिबेटपुरती नाही. अमेरिकेत, विशेषतः तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत, कोंबडीच्या सुपात मैद्याचे गोळे शिजवून केलेलं जेवण घरोघरी होतं. त्यात दूध किंवा मलई घालून ते दाट, पांढरट करायची तिथली आवड. हंगेरीत लाल मिरचीच्या भुकटीतल्या कोंबडीत आंबट मलई घालतात आणि सोबत मैद्याचे ओबडधोबड तुकडे वाढतात. कोरियात हाताने तोडलेल्या कणकेचं सूप असतं, त्याला सुजेबी म्हणतात. ते थेन्थुकच्या इतकं जवळ जातं की फरक ओळखू येऊ नये. युद्धानंतरच्या टंचाईत अमेरिकेकडून मदतीचा गहू आला आणि सुजेबी कोरियातल्या गरीब घरांचं रोजचं अन्न बनलं.

आणि आपण? वरणफळं आपण पिढ्यानपिढ्या करतो. उकळत्या वरणात कणकेच्या लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे काप सोडायचे, झालं. विदर्भात डाळीच्या पिठाच्या डुबुकवड्या रश्शात सोडतात, गोळाभातात बेसनाचे गोळे भाताबरोबरच शिजतात. म्हणजे पातळ पदार्थात पीठ शिजवायचं, त्याचं पोटभरीचं जेवण करायचं आणि भांडी वाचवायची, ही विद्या आपल्या घरात आहेच. कोंबडीच्या रश्शात मात्र आपण ती फारशी वापरली नाही. तिथे आपण तर्रीचे लोक. रस्सा वेगळा, भात वेगळा, भाकरी वेगळी, आणि शेवटी घासायला चार भांडी. शनिवार-रविवारी ते ठीक. बुधवारी संध्याकाळी सात वाजता कामावरून आलेल्या माणसाला एका गंजात, म्हणजे एकाच पातेल्यात, होणारं जेवण हवं असतं.

असं सूप करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो मलईचा. परदेशी कृती वाचा, त्यात वाटीभर क्रीम असतंच, आणि गोंदियाच्या किराणा दुकानात ते मिळालं तरी महाग पडतं. म्हणून बरेच जण तिथूनच माघारी फिरतात. माझं म्हणणं असं की या सुपाचा मलईदारपणा मलईतून येत नाही, निदान मुख्यतः तरी नाही. तो हाडांतून आणि पिठातून येतो. मलई ही शेवटची हौस.

मलई म्हणजे काय, ते आधी पाहू. दुधातल्या पाण्यात चरबीचे अगदी बारीक थेंब विखुरलेले असतात आणि दुधातली प्रथिनं त्या थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. थेंब प्रकाश चहूकडे पसरवतात म्हणून दूध पांढरं दिसतं. जिभेवरून ते घरंगळत जातात म्हणून ते गुळगुळीत लागतं. मलईत हेच थेंब जास्त दाटीने असतात. म्हणजे मलईदार लागायला तीन गोष्टी लागतात: चरबीचे बारीक थेंब, त्यांना धरून ठेवणारं काहीतरी, आणि पाण्याला आलेला जडपणा. कोंबडीच्या भांड्यात या तिन्ही गोष्टी जमवता येतात. चरबी कोंबडीची, धरून ठेवणारं जिलेटिन हाडांचं, जडपणा पिठाचा.

जिलेटिन कुठून येतं? कातडी, सांधे, कूर्चा, पंजे, मान, पंख यांत कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं. पाण्यात ते सत्तर अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की त्याच्या पीळ घातलेल्या साखळ्या सुटतात आणि जिलेटिन होऊन पाण्यात उतरतात. चांगला झालेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवल्यावर थलथलीत गोठतो तो यामुळे, आणि गरम असताना ओठांना किंचित चिकटतो तोही यामुळेच.

आपल्या गावातल्या चिकनच्या दुकानाची पद्धत इथे आड येते. दुकानदार सवयीने कातडी सोलून टाकतो, पंजे वेगळे काढतो, आणि गिऱ्हाईक मागतं छातीचे मऊ तुकडे. म्हणजे सुपासाठी जे हवं ते सगळं दुकानातच राहिलं आणि जे सुपात कोरडं पडतं ते घरी आलं. तेव्हा मागताना स्पष्ट सांगावं: तंगडीचे तुकडे हाडासकट, मान आणि पंख टाकू नका, दोन-चार तुकड्यांवर कातडी राहू द्या. पंजे साफ करून मिळाले तर दोन तेही घ्यावेत. पाहुण्यांना दिसायला नको असतील तर वाढण्याआधी काढून टाका, त्यांचं काम झालेलं असतं.

गावरान की ब्रॉयलर, हा प्रश्न झाडीपट्टीत टाळता येत नाही. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत विक्रीला येते. तिचं कोलॅजन कोवळं असतं, ते लवकर विरघळतं आणि मांस पंचवीस-तीस मिनिटांत शिजतं. गावरान कोंबडी कित्येक महिने अंगणात फिरलेली असते. वयाबरोबर कोलॅजनच्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधल्या जातात, म्हणून तिला उघड्या भांड्यात तास-दीड तास लागतो. पण तो तास दिला तर जो रस्सा उतरतो त्याची सर ब्रॉयलरला नाही, यावर कोणाचं दुमत असेल असं वाटत नाही. कामाच्या दिवशी एवढा वेळ नसेल तर कुकर हेच आपलं ‘एक भांडं’ समजावं. गावरानला पाच-सहा शिट्ट्या, ब्रॉयलरला दोन. मग झाकण काढून पुढचं सगळं त्याच कुकरमध्ये, उघडं. कणकेचे तुकडे घातल्यावर मात्र शिटी लावून कुकर बंद करू नये. पिठाचा फेस वर चढतो आणि वाफेची वाट बुजवू शकतो, ते धोक्याचं आहे.

आता भांडं. पातळ अॅल्युमिनियमच्या गंजात पीठ तळाला धरतं, म्हणून जाड बुडाचा स्टीलचा गंज किंवा कढई घ्यावी, आणि तिच्यावर नीट बसणारं झाकण असावं. झाकण का हवं ते पुढे येईलच.

चौघांच्या जेवणाचा अंदाज सांगतो. हाडासकट कोंबडी साडेसहाशे-सातशे ग्रॅम, एक मोठा कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, एक गाजर, अर्धा मुळा, मूठभर पालक किंवा मटार, दोन-तीन हिरव्या मिरच्या, मिरपूड, मीठ. पाणी सवा लिटर. कणकेसाठी दीड वाटी पीठ. शेवटी वरून घालायला सांबार, म्हणजे पुण्याकडच्यांची कोथिंबीर. गरम मसाला, खोबरं, खसखस, काळं तिखट यातलं काही नाही. ते सगळं सावजी रश्शासाठी राखून ठेवावं. इथे मसाला घातला की तो हाडाचा स्वाद झाकून टाकतो आणि मग एवढी हाडं आणलीत कशाला?

सर्वांत आधी पीठ मळावं, कोंबडी धुण्याच्याही आधी. पीठ, चिमूटभर मीठ, लागेल तसं पाणी, पोळीच्या कणकेपेक्षा किंचित घट्ट गोळा, वरून तेलाचं बोट, आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास विसावा. गव्हाच्या पिठातली दोन प्रथिनं पाण्याशी मिळून ग्लुटेनची ताणली जाणारी जाळी तयार करतात. नुकत्याच मळलेल्या कणकेत ही जाळी ताठ असते, तुकडा चपटा केला तर परत आखडतो. अर्ध्या तासात ती सैलावते आणि तुकडा कागदासारखा पातळ ओढता येतो. नुसत्या मैद्याचे तुकडे जास्त गुळगुळीत होतात. गव्हाच्या आट्यात कोंड्याचे कण जाळी तोडतात, म्हणून त्याचे तुकडे थोडे खडबडीत निघतात, पण चव आट्याचीच चांगली. मी अर्धा मैदा, अर्धा आटा घेण्याच्या बाजूचा आहे.

कणीक विसावते तेवढ्यात गंज तापवून दोन चमचे तेल टाकावं आणि कातडीचे तुकडे कातडी खाली करून ठेवावेत. पाच-सहा मिनिटं हात लावू नये. कातडीतली चरबी सुटते, तळाला तपकिरी थर धरतो. प्रथिनं आणि साखरेचे अंश कोरड्या उष्णतेत एकमेकांशी मिळून हा रंग आणि वास तयार करतात. पाण्यात शिजवताना तो कधीच येत नाही, कारण पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही आणि या रासायनिक क्रियेला जोर येतो तो त्याच्या बराच वर. म्हणून हा वास पाणी घालण्याआधीच मिळवावा लागतो. तुकडे बाजूला सारून त्याच चरबीत कांदा, आलं, लसूण परतावं, अर्धी वाटी पाणी टाकून तळ खरवडावा. तो थर जळका नसतो, सुपाची निम्मी चव त्यात असते.

मग उरलेली कोंबडी, गाजर, मुळा, मीठ आणि गरम पाणी. इथे मी रूढ सल्ल्याच्या विरुद्ध जाणार आहे. सूप मंद आचेवर करावं म्हणतात, ते नितळ सुपासाठी बरोबर. आपल्याला नितळ नको, दुधाळ हवंय. म्हणून पहिली पंधरा मिनिटं भांडं चांगलं खळखळू द्यावं. खळखळीत चरबीचे मोठे थेंब फुटून बारीक होतात, हाडांतून उतरलेलं जिलेटिन त्यांना वेढून धरतं आणि पाणी हळूहळू पांढरट होतं. जपानमध्ये रामेनसाठी डुकराच्या आणि कोंबडीच्या हाडांचं जे दुधाळ पाणी करतात ते याच मार्गाने, फक्त तिथे ते कित्येक तास उकळतात. आपल्याला पंधरा मिनिटांत तेवढं मिळणार नाही, पण रंग बदललेला दिसेल. मात्र छातीचे तुकडे असतील तर ते या खळखळीत घालू नयेत, दोरखंड होतात. ते शेवटच्या दहा-बारा मिनिटांसाठी.

यानंतर आच कमी. कणकेला खळखळ सोसत नाही.

कणकेचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पिठातला स्टार्च बारीक घट्ट कणांच्या रूपात असतो आणि थंड पाण्यात तो बहुतेक तसाच राहतो. साधारण साठ अंशांपासून गव्हाचे कण पाणी पिऊ लागतात, फुगतात, मऊ होतात. त्यातला काही स्टार्च बाहेर झिरपून सुपात मिसळतो. तुकड्यांवर लागलेलं कोरडं पीठही तेच करतं. पाच मिनिटांपूर्वी पाण्यासारखा असलेला रस्सा चमच्याच्या पाठीला चिकटू लागतो. वेगळं कॉर्नफ्लॉर नको, लोण्यात मैदा भाजण्याची खटपट नको. म्हणून कणकेचे तुकडे वेगळ्या पाण्यात उकडून मग सुपात घालण्याचा जो शहाणपणा काही जण करतात तो इथे तोट्याचा आहे. दाटपणा मोरीत जातो आणि भांडी दोन होतात.

थेन्थुकच्या तुकड्यांचा पातळपणा मला तिबेटच्या उंचीशी जुळणारा वाटतो. ल्हासा समुद्रसपाटीपासून सुमारे ३६५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण ८८ अंशांलाच उकळतं. त्या पाण्यात जाड गोळा आतून शिजायला फार वेळ घेईल, कागदासारखा तुकडा लवकर शिजेल. गोंदियाची उंची तीनशे मीटरच्या आसपास, पाणी जवळजवळ ९९ अंशांना उकळतं. म्हणजे तोच तुकडा इथे आणखी लवकर शिजतो. तीन-चार मिनिटं पुरे, तुकडे वर तरंगले की आणखी एक मिनिट. सगळे तोडून होईपर्यंत पहिल्यांदा टाकलेले गळून जाऊ नयेत म्हणून घरात दुसरं कोणी रिकामं असेल तर त्याला तोडायला बसवावं. पोरांना हे काम भयंकर आवडतं.

ज्यांना पातळ तुकड्यांऐवजी फुगलेले, लुसलुशीत गोळे हवेत त्यांनी अमेरिकी तऱ्हा करावी. वाटीभर मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, मीठ, चमचाभर तूप, आणि भज्यांच्या पिठापेक्षा बरंच घट्ट होईल एवढं दूध. घोटायचं नाही, फक्त एकत्र करायचं, नाहीतर ग्लुटेन चिवट होतं आणि गोळे रबरी लागतात. मंद उकळीवर चमच्याने एकेक गोळा सोडायचा, एकमेकांना चिकटणार नाहीत इतकं अंतर ठेवून, आणि लगेच झाकण. बारा ते पंधरा मिनिटं झाकण उचलायचं नाही. गोळ्याचा खालचा अर्धा भाग सुपात शिजतो, वरचा अर्धा वाफेवर. वाफ गोळ्यावर बसून परत पाणी होते तेव्हा एका ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. हीच उष्णता गोळ्याचा माथा शिजवते. आतला वायू गोळा फुगवतो आणि त्याच वेळी फुगलेला स्टार्च पक्का होऊन ती जाळी टिकवतो. मध्येच झाकण उचललंत तर वाफ गेली, माथा थंड झाला, आणि पक्का न झालेला गोळा बसला. काचेचं झाकण असेल तर पाहत बसा. नसेल तर दुसऱ्या खोलीत जा.

गोंदियाला खरी शोभेल ती तिसरी तऱ्हा, तांदळाची. हा धानाचा जिल्हा, गव्हाचं कौतुक इथे किती करायचं? पण तांदळाच्या पिठात ग्लुटेन नाही. थंड पाण्यात मळून गोळे केले आणि रश्शात टाकले तर ते विरघळून नुसती पेज होईल. उपाय आपल्या बायकांना मोदकांपासून माहीत आहे: उकड. वाटीभर पिठाला वाटीभर उकळतं पाणी, मीठ, चमचाभर तूप, झाकून दहा मिनिटं, मग गरम असतानाच मळणं. उकळत्या पाण्याने स्टार्चचे काही कण आधीच फुगतात आणि त्यांचा चिकटपणा ग्लुटेनचं काम करतो. सुपारीएवढे गोळे वळून मध्ये अंगठ्याने खळगा करावा. खळग्यामुळे मधला भाग पातळ होतो, गोळा सगळीकडे सारखा शिजतो आणि त्यात रस्साही बसतो. मंद उकळीवर सात-आठ मिनिटं पुरतात. सालेकसा-आमगावच्या पलीकडे छत्तीसगडात तांदळाच्या पिठाचा फरा करतात. त्याची आणि या गोळ्यांची जातकुळी एकच. गहू ज्यांना चालत नाही अशांनाही हे गोळे चालतात. या तऱ्हेत सूप गव्हापेक्षा थोडं कमी दाट होतं, म्हणून चमचाभर तांदळाचं पीठ थंड पाण्यात कालवून शेवटी लावावं. पालेभाजीला पीठ लावतो तसंच.

आता मलईची हौस. गोळे शिजले, आच अगदी बारीक केली, की अर्धी वाटी दूध किंवा दोन-तीन चमचे घरची साय फेटून घालावी आणि पुन्हा उकळू देऊ नये. दूध फाटण्याची भीती असते ती आंबटामुळे आणि जोराच्या उष्णतेमुळे. म्हणून या सुपात टमाटर नको, लिंबू पिळायचं तर ताटलीत, प्रत्येकाने आपापलं. पण या वेळेपर्यंत सुपात पीठ भरपूर उतरलेलं असतं, आणि फुगलेला स्टार्च दुधाच्या प्रथिनांना गोळा होऊ देत नाही. कढीला बेसन लावलं की ताक फाटत नाही, तोच हा गुण. याच कारणाने गोळ्यांच्या आधी दूध घालू नये. पातळ रश्शात ते लवकर फाटतं आणि तळालाही धरतं. दूध न घालताही सूप एकदा चाखून पाहावं. हाडं नीट घेतली असतील तर पुष्कळदा ते तसंच ठेवावंसं वाटेल.

वरून मिरपूड आणि सांबार. तिबेटी जेवणात मिरचीचा ठेचा सोबत असतो, आणि मांसाच्या पदार्थांत जिभेला झिणझिण्या आणणारी मिरीसारखी फळंही वापरतात. ती आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या कुळातली. झाडीपट्टीत तिरफळ मिळणार नाही, कोकणी शेजारी असेल तर दोन मागून घ्यावी आणि बिया काढून सालं तेवढी सुपात टाकावी. हिरव्या मिरचीचा ठेचा मात्र आपल्याकडे आहेच, तोही उत्तम जातो.

वेळेचा हिशेब केला तर ब्रॉयलर असताना कणीक मळण्यापासून ताटलीत वाढेपर्यंत पाऊण तास ते एक तास. त्यातला निम्मा वेळ भांडं आपलं आपण काम करतं. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या सर्वांत कमी तापमानाच्या बातमीत गोंदियाचं नाव वरचेवर येतं. या सुपाचा मोसम तोच, त्याच दिवसांत मुळा, गाजर, पालक, मटारही बाजारात स्वस्त असतात. मे महिन्यात हे करू नका, कोणी तुम्हाला दुवा देणार नाही.

सूप उरलं तर गोळे आणि रस्सा वेगवेगळे काढा. एकत्र ठेवले तर गोळे रात्रभर रस्सा पीत राहतात आणि सकाळी गंजात नुसता लगदा सापडतो. जेवणानंतर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी रस्सा गोठलेला दिसला तर घाबरू नका, ते हाडांतलं जिलेटिन आहे. त्यात वाटीभर गरम पाणी घाला, चांगली उकळी आणा, पण दूध घातलेलं असेल तर आच मंद ठेवून नुसतं वाफ येईपर्यंत नीट गरम करा. गोळे शेवटच्या दोन मिनिटांसाठी सोडा.